मुंबई चॅम्प्स: मुंबईत एकही मॅच न खेळलेली मुंबईची टीम

नवघर, भाईंदर पूर्वेतून पुन्हा एकदा तुमच्या इअरफोनमध्ये. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा एपिसोडचा मजकूर.

आज एक छोटा प्रश्न. ब्रायन लारा मुंबईच्या कुठल्या टीमचा कॅप्टन होता?

'मुंबई इंडियन्स' म्हणालात तर चुकलात. टीमचं नाव मुंबई चॅम्प्स. कोच आपले संदीप पाटील. टीममध्ये न्यूझीलंडचा नेथन अ‍ॅस्टल आणि महाराष्ट्राचा ओपनर धीरज जाधव. ही टीम २००७ च्या अखेरीस मैदानात उतरली आणि २००८ संपेपर्यंत तिचा खेळ आटोपला. आणि एवढ्या काळात मुंबईची ही टीम मुंबईत एकही मॅच खेळली नाही.

आता म्हणाल, असं कसं? तर थोडं मागे जाऊ.

२००७ चा मार्च. वर्ल्ड कपमध्ये भारत पहिल्याच फेरीत बाहेर. लोक भडकलेले. त्यातच झी समूहाचे सुभाष चंद्रा क्रिकेटच्या प्रसारण हक्कांसाठी बीसीसीआयशी काही वर्षं झगडून थकलेले. त्यांनी विचार केला, हक्क मिळत नाहीत ना, मग क्रिकेटच आपलं काढू. एप्रिलमध्ये घोषणा झाली: इंडियन क्रिकेट लीग, म्हणजे आयसीएल. प्रमुख कपिल देव. सोबत किरण मोरे, डीन जोन्स आणि टोनी ग्रेग. हा ग्रेग म्हणजे १९७७ मध्ये केरी पॅकरच्या बंडखोर क्रिकेटमध्ये पुढे असलेला माणूस. त्याला हा रस्ता पाठ होता.

बीसीसीआयचं उत्तर सरळ होतं. जो तिकडे जाईल, त्याला इकडची दारं बंद. रणजी नाही, इंडिया नाही, काहीच नाही. कपिल देवना नॅशनल क्रिकेट अकादमीच्या अध्यक्षपदावरून काढलं. म्हणजे वर्ल्ड कप आणणाऱ्या माणसालाही सूट नव्हती.

आणि मैदानं? भाईंदरहून चर्चगेट लोकल पकडली, तर मरीन लाइन्स सोडल्यावर खिडकीतून वानखेडे दिसतं. ते मुंबई क्रिकेट असोसिएशनचं, आणि असोसिएशन बीसीसीआयची सदस्य. मग आयसीएलला ते कोण देणार? म्हणून पहिला अख्खा हंगाम हरियाणातल्या पंचकुलात, ताऊ देवीलाल स्टेडियमवर झाला. पुढे हैदराबाद, अहमदाबाद, गुरगाव. नाव मुंबईचं, पण पाठिंबा द्यायला मुंबईकरच नाहीत. त्यात लाराची बॅट चालली नाही. पहिली ट्रॉफी चेन्नई सुपरस्टार्सने नेली.

आता तारखा नीट बघा, कारण खरा खेळ तारखांमध्ये आहे. आयसीएलची पहिली मॅच ३० नोव्हेंबर २००७. पण त्याआधीच, १३ सप्टेंबरला, बीसीसीआयने आयपीएल जाहीर केली होती. २४ सप्टेंबरला धोनीच्या टीमने टी-२० वर्ल्ड कप जिंकला आणि सगळा देश टी-२० च्या प्रेमात पडला. जानेवारी २००८ मध्ये मुंबई इंडियन्स ११.१९ कोटी डॉलरला विकली गेली, सगळ्यात महाग टीम. एप्रिलमध्ये आयपीएल सुरू. आयडिया साधारण तीच, पण यांच्याकडे स्टेडियम, स्टार आणि शिक्का, तिन्ही होतं.

मी कोड लिहून पोट भरतो, म्हणून मला आयसीएलची रचना बघून एकच गोष्ट दिसते: सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर. आयपीएलमध्ये प्रत्येक टीमचा मालक वेगळा. आयसीएलमध्ये सगळ्या टीम एकाच समूहाच्या, लीग त्यांची, चॅनलही त्यांचंच. एकाने हात आखडता घेतला की सगळंच बंद.

तरी २००८ मध्ये लीग वाढत होती. लाहोर बादशाह आली, ढाका वॉरियर्स आली. ढाक्याकडे गेलेल्या १३ बांगलादेशी खेळाडूंवर त्यांच्या बोर्डाने १० वर्षांची बंदी घातली. नोव्हेंबरमध्ये लाहोरने ट्रॉफी जिंकली. मग २६/११ झालं. चालू असलेली वर्ल्ड सीरिज अर्धवट थांबली, आणि त्यानंतर आयसीएलची एकही स्पर्धा झाली नाही. अनेक खेळाडूंचे करारातले पैसे अडकले. पुढे काही सामन्यांवर फिक्सिंगचे डागही लागले.

इथपर्यंतची गोष्ट मालक आणि बोर्डाची झाली. पण मला बोलायचंय ते खेळाडूंबद्दल.

लाराचं काय बिघडलं? काहीच नाही. तो आधीच निवृत्त झाला होता. पण भारतीय पोरांचा विचार करा. रणजी खेळतोय, इंडियाचं तिकीट लांब दिसतंय, घरी पैशांची गरज आहे, आणि कोणी तीन वर्षांचा करार समोर ठेवतोय. सही केली तर आयुष्यभराची बंदी. नाही केली तर आहे तिथेच. यात हावरट कोण आणि गद्दार कोण? मला तरी दोन्ही शब्द चुकीचे वाटतात. तो नोकरी बदलत होता. फरक एवढाच, की त्याच्या धंद्यात मालक एकच होता.

अंबाती रायुडू हे ठळक उदाहरण. २००४ च्या अंडर-१९ वर्ल्ड कपमधला भारताचा कॅप्टन. विशीच्या सुरुवातीला हैदराबाद हीरोजकडे गेला आणि फलंदाजाच्या घडण्याचे दोन हंगाम बोर्डाच्या क्रिकेटबाहेर राहिला. २००९ मध्ये बीसीसीआयने माफी जाहीर केली. माफी! जणू गुन्हा केला होता. सत्तरहून जास्त खेळाडू परत आले. रायुडू मुंबई इंडियन्सकडे आला, पुढे चेन्नईकडे, आणि एकूण ६ आयपीएल ट्रॉफ्या जिंकला. हैदराबाद हीरोजचाच स्टुअर्ट बिन्नीही परतला. २०१४ मध्ये मीरपूरला ४ धावांत ६ विकेट, तो हाच.

आणि हे ऐका. २०१२ मध्ये निवड समितीचे अध्यक्ष कोण झाले? संदीप पाटील. मुंबई चॅम्प्सचे कोच! रायुडू आणि बिन्नीला इंडियाची पहिली कॅप त्यांच्याच कारकिर्दीत मिळाली. आयुष्यभराच्या बंदीचं हे आयुष्य केवढं होतं बघा.

पण सगळे रायुडू नव्हते. ज्यांचं वय तिशीकडे झुकलं होतं, त्यांना माफी मिळून काय फायदा? दरवाजा उघडला, तोवर गाडी सुटली होती.

हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. अमेरिकेत १९१४-१५ मध्ये फेडरल लीग नावाची बंडखोर बेसबॉल लीग निघाली आणि दोन हंगामांत आटोपली. बहुतेक मालकांशी तडजोड झाली. बाल्टिमोर टेरापिन्स ही टीम मात्र कोर्टात गेली आणि १९२२ मध्ये सुप्रीम कोर्टात हरली. कोर्ट म्हणालं, मक्तेदारीविरोधी कायदा बेसबॉलला लागूच होत नाही. आपल्याकडे थोडं वेगळं घडलं. २०१३ मध्ये स्पर्धा आयोगाने बीसीसीआयला ५२.२४ कोटींचा दंड केला. कारण? आयपीएलच्या प्रसारण करारात बोर्डाने हमी दिली होती की दुसऱ्या कुठल्या खासगी टी-२० लीगला मान्यता देणार नाही. अपिलात तो आदेश रद्द झाला, तरी २०१७ मध्ये आयोगाने पुन्हा तेवढाच दंड लावला. पण तोपर्यंत मुंबई चॅम्प्स कोणाला आठवत होती?

मग हे आज का सांगतोय? कारण लीगचं पीक पुन्हा आलंय. कबड्डी, खो-खो, आणि २०२४ पासून टेनिस बॉलचीसुद्धा. तिचा पहिला हंगाम आपल्या शेजारीच, ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर झाला. चांगलंच आहे. नवघरच्या गल्लीतल्या एखाद्या पोराला टेनिस बॉलवर पैसे मिळत असतील तर मी शिट्टी मारीन. फक्त उद्या तुमच्यासमोर कुठल्याही लीगचा कागद आला, तर सही करण्याआधी तीन प्रश्न विचारा. पैसे कोण देणार, आणि लीग बंद पडली तर कोण देणार? इथे खेळलो तर दुसरीकडे बंदी येणार का? आणि परत यायचं झालं तर रस्ता आहे का? उत्तर तोंडी नको, कागदावर हवं.

मालकाला पुढच्या वर्षी दुसरा धंदा मिळतो. फास्ट बॉलरला २४ वं वर्ष दुसऱ्यांदा मिळत नाही.

तुमच्या ओळखीत कोणी अशा बंद पडलेल्या लीगमध्ये खेळलं असेल, तर त्याला हा एपिसोड पाठवा आणि त्याचा अनुभव मला कळवा. नाव सांगायलाच हवं असं नाही. भेटू पुढच्या रविवारी. तोपर्यंत ऐकत राहा, आणि लोकलच्या दारात उभं राहून ऐकू नका!