ब्रूमच्या भरतीवर नजर

पश्चिम ऑस्ट्रेलियात ब्रूम गावाजवळ रोबक उपसागर आहे. इथे पक्षी पाहायला निघायचं, तर आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघावं लागतं. उधाणाच्या दिवसांत पाण्याच्या पातळीतला फरक ९ मीटरच्या आसपास जातो. ओहोटीला पक्षी दूरवरच्या चिखलात शिंपले, किडे टिपत विखुरलेले. दुर्बिणीतूनही नुसते ठिपकेच दिसतात. भरती चढू लागली, की पाणीच त्यांना लाल मातीच्या किनाऱ्याकडे ढकलत आणतं. छायाचित्रकाराची वेळ ती हीच.

पण म्हणून पुढे सरसावू नये. मार्च-एप्रिलमध्ये यातले बहुतेक पक्षी पार उत्तरेला विणीसाठी जातात. त्याआधी ते अंगात चरबी साठवत असताना थवा उठवणं म्हणजे त्यांची शिदोरीच सांडणं. सूर्य पाठीशी ठेवून एका जागी बसून राहावं. आणि हो, फोटोत पाय यायलाच हवेत! अभ्यासक खूण म्हणून काही पक्ष्यांच्या पायात रंगीत पट्टी घालतात, आणि तिच्या रंगावरून ती खूण कुठे केली ते कळतं: पिवळी वायव्य ऑस्ट्रेलियाची, हिरवी क्वीन्सलंडची, नारिंगी व्हिक्टोरियाची. पंख पसरलेल्या देखण्या फोटोपेक्षा असा साधा फोटो मला मोलाचा वाटतो.

काही पक्ष्यांवर उपग्रहाला संदेश धाडणारं छोटं यंत्रही बसवतात. त्यामुळेच कळलं, की २०२२ साली गॉडविट जातीचा जेमतेम पाच महिन्यांचा एक पक्षी अलास्काहून निघाला आणि ११ दिवसांत, कुठेही न थांबता, सुमारे १३,५६० किलोमीटर उडून टास्मानियात उतरला. समुद्रावर बसून विसावा घेणं या जातीला जमत नाही.