बोलक्या भिंती



पोर्तुगालची राजधानी लिस्बन. तेथे 2014 साली एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. विषय होता, ‘रस्त्यावरची कला आणि नागरी सर्जनशीलता’. नाव मोठे भारदस्त आहे. साध्या भाषेत सांगायचे, तर लोक भिंतींवर जे रंगवतात, लिहितात, प्रसंगी नुसतेच खरडतात, त्याचा विचार करायला ही विद्वान मंडळी जमली होती. लिस्बनच्या नगरपालिकेने तर त्याआधीच, 2008 साली, या कामासाठी वेगळी शाखा काढलेली होती. अशा परिषदांतून एक वाद नेहमी रंगतो. परवानगी घेऊन काढले तर ते चित्र, आणि रात्री चोरून काढले तर तो गुन्हा, असे म्हणावे काय? आणि मुळात भिंतीवरचे चित्र कोणाचे? घरमालकाचे, चित्रकाराचे, की रोज त्या भिंतीवरून जाणाऱ्या-येणाऱ्याचे?

मी मराठीचा अध्यापक. चित्रकलेत माझा अधिकार नाही. पण मी सांगलीत मामांच्या घरी वाढलो, आणि मामा पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, ट्रकांच्या फळ्या, गावोगावच्या भिंती हे त्यांचे काम. म्हणून या वादाशी माझा थोडा घरोबा आहे.

भिंती रंगवणे आपल्याला नवे नाही. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे. त्याच्या भिंतींवर अठराव्या शतकातली चित्रे आहेत. दशावतार आहेत, कृष्ण आहे, गोपी आहेत. जाता जाता सांगतो, त्याच मेणवलीच्या घाटावर पोर्तुगीजांची एक घंटा टांगलेली आहे. 1739 साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली, त्या मोहिमेतून आलेली. तिच्यावर 1707 हे साल आहे. म्हणजे लिस्बनचा आणि आपला संबंध अगदीच परिषदेपुरता नाही! पण वाड्यातली चित्रे कोण पाहणार? घरची माणसे, पाहुणे, कारकून. कृष्णेवर घागर भरायला आलेल्या बाईला ती दिसत नसत. रस्त्यावरच्या भिंतीचे तसे नाही. ती सगळ्यांसमोर उघडी असते.

आमच्या खेड्यांत ही उघडी भिंत बराच काळ जाहिरातवाल्यांच्या ताब्यात होती. खत, बियाणे, विडी, सिमेंट. घरमालकाला फुकटात भिंत रंगवून मिळाली, की तो खूष. मामा सायकलला डबे अडकवून निघत. सुट्टीत मी बरोबर असे. दोरी गेरूत बुडवायची, दोन टोके दोघांनी धरायची आणि मधोमध ताणून सोडायची. फट्! भिंतीवर सरळ लाल रेघ. त्या रेघेला मग अक्षरे टांगायची. माझे अक्षर वाकडे गेले की मामा म्हणत, “आरं, अक्षर बोटानं न्हाई, खांद्यानं लिवायचं असतंय.” पुढे मी एम. ए. झालो, फळ्यावर हजारो अक्षरे लिहिली. खांद्याने लिहिणे काही जमले नाही.

2000-01 साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. ग्रामविकास मंत्री होते आर. आर. पाटील, तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे. गावागावांत चढाओढ लागली. खराटे फिरले, गटारी उपसल्या आणि भिंतींवर म्हणी, अभंग, सुविचार उमटू लागले. मामांना त्या दोन-तीन वर्षांत जेवायला फुरसत नव्हती. विडीच्या जागी तुकोबा आले, याचा त्यांना मनापासून आनंद होता. पण पुढे फ्लेक्स आला. एका रात्रीत छापून तयार, आणि त्यावर वाढदिवसवाल्याचा हसरा चेहरा. मामांचे दुकान बसले. 2019 च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली, तेव्हा उरलेसुरले डबे आणि ब्रशही गेले.

आता दुसरी बाजू. पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावर भिलार आहे, स्ट्रॉबेरीचे गाव. 4 मे 2017 रोजी तिथे ‘पुस्तकांचे गाव’ उभे राहिले. वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून ही कल्पना सुचली. आरंभी पंचवीस ठिकाणी सुमारे पंधरा हजार पुस्तके मांडली. कुठे कविता, कुठे चरित्रे, कुठे बालसाहित्य. आणि ज्या घरात जे पुस्तक, त्याला शोभेल असे चित्र त्या घराच्या भिंतीवर. बाहेरून चित्रकार आले, त्यांनी झटून काम केले. मी गेलो होतो. मला ते आवडले. मात्र एक शंका मनात राहिली. चित्रकार रंगवून परत जातो. चार पावसाळ्यांनी रंग उडाला म्हणजे हात कोणाचा लागणार?

हा प्रश्न शिक्षक बंधुभगिनींना चांगला ठाऊक असेल. आपल्या शाळांतून ‘बोलक्या भिंती’ असतात. पाढे, नकाशा, सूर्यमाला. कल्पना चांगली आहे. पण दहा शाळा पाहाव्यात तर दहाही भिंती एकच बोलतात. तोच सिंह, तोच आंबा. ठेका एकाचाच असतो ना!

माण तालुक्यातल्या एका वस्तीशाळेतले गुरुजी माझे विद्यार्थी. त्यांनी सातवीच्या मुलांना मागची भिंत दिली. म्हणाले, काय हवे ते काढा. मुलांनी गेरूने काय काढले असेल? बापाबरोबर मेंढरे जातात ती वाट. कोणत्या ओढ्याला पाणी, कुठे मुक्काम, कुठे कुत्र्यांची भीती. एका मुलीने आजीची काठीसुद्धा काढली. भूगोलाचा इतका जिवंत नकाशा मी कोणत्या पुस्तकात पाहिला नाही. महिन्याभराने पाहुणे येणार म्हणून वरून निरोप आला, शाळा स्वच्छ दिसली पाहिजे. भिंतीवर पांढरा रंग फिरला. वरून सिंह आणि आंबा!

गुरुजींचा फोन आला. आवाज पडलेला. म्हणाले, “सर, पोरं विचारत्यात, आमचं काय चुकलं? काय सांगू?” मला उत्तर सुचेना. तेव्हा मी मामांकडे गेलो. वय झाले आहे, हात थरथरतो. त्यांनी सगळे ऐकून घेतले, आणि म्हणाले, “दुसरी भिंत हाय का?”

होती. कुंपणाची, रस्त्याच्या बाजूची.

“मग त्येला सांग, चुन्याचा हात देऊन दोन दिवस वाळू द्यायची. गेरूत डिंकाचं पाणी घालायचं, न्हाईतर हाताला लागतंय. आन् खालची वीतभर जागा सोडायची, शिंतोडे तिथंच उडतात.”

मी म्हटले, “मामा, माणात पाऊस कुठला?”

“पडला म्हंजे?” मामा म्हणाले, आणि दोरी शोधायला उठले.