आईच्या शिव्यांची धनीण



माझ्या आईला सिनेमाचं वेड होतं, पण गप्प बसून सिनेमा बघणं तिला कधी जमलं नाही. पडद्यावर शशिकला दिसली की ती पदर तोंडाशी धरून पुटपुटायची, "आली बघ अवदसा!" पुढच्या रांगेतल्या बायका बोटं मोडायच्या. मला तर लहानपणी वाटायचं, ही बाई खरोखरच कुणाचा तरी संसार मोडून इथं आली आहे.

आज त्या अवदसेविषयी मी बोलणार आहे, कारण ती आपली होती. शशिकला जवळकर. जन्म सोलापूरचा, ४ ऑगस्ट १९३२.

वडील कापडाचे व्यापारी. सोलापुरात कापडावर घरं उभी राहत आणि कापडावरच बुडतही. जवळकरांचा व्यापार बुडाला. त्याआधीच, पाच वर्षांची असल्यापासून ही मुलगी जिल्ह्यातल्या गावोगावी नाचत होती, गात होती, नाटकात कामं करत होती. घरात खाणारी तोंडं बरीच होती आणि हातात विकण्यासारखं काही असेल तर ते एवढंच. कुटुंब मुंबईला गेलं. तिथं तिनं लोकांच्या घरी काम केलं आणि एका स्टुडिओतून दुसऱ्या स्टुडिओत पायपीट केली.

गायिका-नटी नूरजहाँची नजर तिच्यावर पडली. १९४५ च्या 'झीनत'मध्ये बायकांची एक कव्वाली आहे. त्या घोळक्यात आपली शशिकला बसली आणि तिला पंचवीस रुपये मिळाले. पुढं 'जुगनू'त लहानसं काम आणि १९५३ मध्ये व्ही. शांताराम यांच्या 'तीन बत्ती चार रास्ता'त भूमिका. पण नायिकेचं सिंहासन काही तिच्या वाट्याला आलं नाही. संसार मांडला, दोन मुली झाल्या, आणि मिळेल ते काम ती करत राहिली.

मग १९६२ साली 'आरती' आला. मीनाकुमारी डॉक्टर सून, आणि शशिकला तिची जाऊ. या जावेनं घरात जे विष कालवलं, ते बघून प्रेक्षकांचं डोकं फिरलं. फिल्मफेअरचा सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार तिला मिळाला. पुढच्याच वर्षी बी. आर. चोप्रांचा 'गुमराह' आला, आणि पुन्हा तोच पुरस्कार. या चित्रपटात ती माला सिन्हाला धमकावून पैसे उकळते. शेवटी उलगडा होतो की ती माला सिन्हाच्या नवऱ्याची सेक्रेटरी आहे, आणि हा सगळा दुष्टपणा म्हणजे रचलेलं सोंग होतं. ते सोंग शेवटपर्यंत आपल्याला कळत नाही. एक भुवई जरा वर, मान किंचित तिरकी, आवाजात मध, आणि समोरचीला घाम फुटतो.

हे लक्षात घ्या, की नायिकेचा सोशिकपणा आपल्याला दिसतो तो अशा बाईमुळे. छळणारी कच्ची असली, तर सोसणारीचं दुःख खोटं वाटतं. मीनाकुमारीसाठी आपण जे रडलो, त्यातले निम्मे अश्रू शशिकलेनं आणले होते.

आणि तिला चांगुलपणा जमत नव्हता असंही नाही. बिमल रॉय यांच्या 'सुजाता'मध्ये ती नूतनला जीव लावणारी बहीण आहे. हृषिकेश मुखर्जींच्या 'अनुपमा'त गप्प, मिटलेल्या शर्मिलेशेजारी तिची खळखळ किती निर्मळ आहे! पण धंद्याला तिचा एकच चेहरा हवा होता.

हे सगळीकडेच होतं. अमेरिकेत ॲग्नेस मूरहेड नावाची नटी होऊन गेली. आधी रेडिओवरच्या आवाजानं ती घराघरांत पोचली, मग 'सिटिझन केन'सारखा सिनेमा केला आणि पुढं 'बिविच्ड' या मालिकेत आठ वर्षं जावयाला छळणारी जादूगार सासू रंगवली. सहायक अभिनेत्री म्हणून चार वेळा तिचं नाव ऑस्करच्या यादीत आलं, ऑस्कर एकदाही हाती आलं नाही. चित्राला खोली देणाऱ्या माणसांना चौकटीच्या कडेलाच उभं राहावं लागतं.

शशिकला मध्ये काही वर्षं हे सारं सोडून कोलकात्याला मदर तेरेसांकडे गेली. तिथं तिनं रुग्णांची सेवा केली. परतल्यावर म्हातारपणाच्या भूमिका केल्या, 'सोनपरी'सारख्या मालिकांतून नातवंडांच्या पिढीलाही ती माहीत झाली. ज्या घरांतून पूर्वी तिला शिव्या मिळाल्या, त्याच घरांत ती हक्कानं येऊ लागली.

२००७ साली तिला पद्मश्री जाहीर झाली. पेपरातली बातमी मी आईला वाचून दाखवली. जन्मगाव सोलापूर, एवढं ऐकलं आणि आई एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मी आपल्याच पोरीला शिव्या दिल्या?"

मी म्हटलं, "आई, ती तुझ्या शिव्यांसाठीच तर काम करत होती."

आईनं मान हलवली. तिचं समाधान झालं नव्हतं. त्या आठवड्यात 'आरती' टीव्हीवर लागला, तेव्हा ती पुढं सरकून बसली. शशिकला आली. सवयीनं आईचा पदर तोंडाशी गेला आणि तिथंच थांबला. "किती चांगलं करते गं," ती म्हणाली.

४ एप्रिल २०२१ रोजी शशिकला गेली. माझ्या आईनं तिला उशिरा का होईना, पावती दिली होती. आपल्या गावानंही ती द्यावी, एवढंच मला आज सांगायचं होतं.