पडद्यावरील महाकाय व विहिरींतील पाषाण

अतिविशाल व भयंकर असें कांहीं तरी डोळ्यांनीं पाहावें आणि तें पाहून सुखरूप घरीं परतावें, ही मनुष्याची फार जुनी हौस आहे. लळितांत दहा तोंडांचा रावण येई, तेव्हां पुढें बसलेलीं मुलें आईच्या पदराआड लपत आणि लपूनही एका डोळ्यानें पाहत राहत. रावणाची ती जागा बोलपटांतील महासरटांनीं केव्हांच घेतली आहे. डायनोसॉर या नांवानें ते आज घरोघर ठाऊक आहेत. स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा 'जुरासिक पार्क' 1993 सालीं निघाला. त्याच मालिकेंतील सातवा बोलपट, 'जुरासिक वर्ल्ड: रीबर्थ', 2025 च्या जुलै महिन्यांत आला. एकच भय बत्तीस वर्षें पुन्हां पुन्हां विकत घेतलें, म्हणजे त्या भयाचें पुढें काय होतें, हें पाहण्यासारखें आहे.

बीड जिल्ह्यांतील लिंबागणेश हें बालाघाटाच्या डोंगररांगेंतील गांव. भालचंद्र गणपतीच्या देवळामुळें त्याचें नांव पंचक्रोशींत सर्वांना परिचित आहे. तेथील एक वृद्ध शेतकरी आपल्या बारा वर्षांच्या नातवास घेऊन छत्रपती संभाजीनगरास मुलीकडे गेला आणि तेथें आजोबा-नातवांनीं हा नवा बोलपट पाहिला. या शहराचें नांव औरंगाबाद होतें त्या काळीं, 1994 सालीं, पहिला बोलपट हिंदी भाषेचा साज चढवून भारतांत आला होता. तो या वृद्धानें येथेंच, आपल्या लहान मुलाला मांडीवर घेऊन पाहिला होता. त्याच मुलाचा मुलगा आतां त्याच्या शेजारीं बसला होता.

वृद्धाला त्या पहिल्या बोलपटांतील एक गोष्ट अजून आठवत होती. प्राणी दिसण्यापूर्वीं पेल्यांतील पाण्यावर वलयें उठतात. कोणी तरी प्रचंड पाउलें टाकीत येत आहे, एवढेंच कळतें. आणि प्रेक्षागृहांतील प्रत्येक जण श्वास रोखतो. दोन तासांहून मोठ्या त्या चित्रांत डायनोसॉर उणेपुरे पंधरा मिनिटें दिसतात. बाकीचें काम प्रेक्षकांचें मन करतें.

सातव्या चित्रांत अशी काटकसर नाहीं. गॅरेथ एडवर्ड्स यांनीं दिग्दर्शिलेल्या या कथेंत एक औषध-कंपनी हृदयरोगावर उपाय शोधण्याकरितां समुद्रांतील, भूमीवरील व आकाशांतील सर्वांत मोठ्या अशा तीन प्राण्यांचें रक्त आणावयास माणसें पाठविते. शेवटीं प्रयोगशाळेंत बिघडून जन्मलेला, सहा अवयवांचा एक विद्रूप राक्षस येतो. आणि गंमत अशी कीं, लोकांना डायनोसॉरांचा कंटाळा आला आहे, हें ही कथा स्वतःच सांगते. तिच्यांतील शास्त्रज्ञ ज्या संग्रहालयांत काम करतो, तेथील प्रदर्शन प्रेक्षकांअभावीं बंद होत आहे. कुतूहल शिळें झालें कीं खेळ करणारा प्राणी मोठा करतो. तोही शिळा झाला कीं त्याला आणखी दोन हात लावतो. राक्षस आला तेव्हां नातू निवांतपणें लाह्या खात होता.

मात्र एका प्रसंगीं त्याचा हात थांबला. उंच गवताचें विस्तीर्ण रान. त्या गवतांतून टायटॅनोसॉरस नांवाच्या शाकाहारी प्राण्यांच्या माना हळूहळू वर उठतात. कोणी कोणाला खात नाहीं, कोणी पळत नाहीं. बाहेर आल्यावर मुलानें विचारलें, "आबा, हे आपल्याकडे होते का?"

"काय माहीत, बाळा!" असें म्हणून आबा गप्प राहिले. एकतीस वर्षांपूर्वीं त्यांच्या मुलानें हा प्रश्न विचारला नव्हता. आणि विचारला असता, तरी उत्तर हेंच मिळालें असतें.

उत्तर आत्येनें त्या रात्रीं शोधून दिलें. टायटॅनोसॉरस हें नांवच मुळीं भारतांतील अस्थींवरून पडलें आहे. जबलपूर येथें 1828 सालीं कॅप्टन स्लीमन यांना प्रचंड हाडें सांपडलीं आणि जबलपूरच्याच मणक्यांवरून रिचर्ड लिडेकर यांनीं 1877 सालीं हें नांव दिलें. पुढें आपल्या चंद्रपूर जिल्ह्यांत, वरोऱ्याजवळच्या डोंगरगांव येथें, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संशोधकांना 1984 ते 1986 या काळांत त्याच कुळांतील एका प्राण्याचा सांगाडा मिळाला. जैन व बंदोपाध्याय यांनीं 1997 सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. 2003 सालीं विल्सन व अपचर्च यांनीं त्या सांगाड्याला संस्थेच्या आद्याक्षरांवरून आयसिसॉरस असें नांव दिलें. आणि त्याच निबंधांत, जबलपूरच्या मणक्यांवरून स्वतंत्र प्राणी निश्चित करितां येत नाहीं, असेंही स्पष्ट केलें. म्हणजे जें नांव पडद्यावर गाजत आहे, तें शास्त्रानें पुराव्याअभावीं बाजूला ठेवलें आहे. सव्वाशें वर्षांचें नांव सोडावयास शास्त्र कचरत नाहीं, ही गोष्ट राक्षसाच्या सहा अवयवांहून अधिक नवलाची आहे.

तें उंच गवत तरी खरें काय? महासरटांच्या काळीं गवत नव्हतें, असें पुष्कळ काळ मानलें जात असे. वरोरा तालुक्यांतीलच पिजदुरा येथें या प्राण्यांची दगड झालेली विष्ठा सांपडते. तिच्यांत गवताचे सूक्ष्म वालुकामय कण आढळले, असें वंदना प्रसाद व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 2005 सालीं जाहीर केलें, तेव्हां ती समजूत बदलावी लागली. साऱ्या जगाची समजूत बदलली ती विदर्भांतील शेणाच्या गोळ्यांनीं!

"मग आपल्या लिंबागणेशांत हाडें कां नाहींत?" हा मुलाचा दुसरा प्रश्न. त्याचें उत्तर गांवीं परतल्यावर विहिरीवर मिळालें. त्या उन्हाळ्यांत सुरुंग लावून विहीर खोल केली होती, आणि पाऊस ओढ देत असल्यामुळें कडांचे थर उघडे होते. वर मुरूम, त्याखालीं काळा पाषाण, मग भोंकाभोंकांचा मांजऱ्या, मग वीतभर तांबड्या मातीचा पट्टा, आणि पुन्हां काळा पाषाण. हा सारा एके काळीं वाहणारा अग्निरस होता. सुमारें सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीं जमीन दुभंगून तो लोटावर लोट वाहिला. आजही त्यानें सुमारें पांच लाख चौरस किलोमीटर भूमि झांकली आहे. चंद्रपूर, जबलपूर हे त्या आवरणाचे कांठ. तेथें खालची जुनी माती उघडी पडते, म्हणून हाडें मिळतात. बीड हें आवरणाच्या आंत पडतें. बोलपटांतील तो विख्यात टायरॅनोसॉरस अमेरिकेंत हिंडत होता, त्याच युगांत हा काळा पाषाण तापून वाहत होता. महासरटांच्या अंतांत मेक्सिकोजवळ कोसळलेल्या अशनीचा वांटा किती आणि या अग्निरसाचा किती, याविषयीं पंडितांचा वाद अद्याप चालूच आहे.

आणि तो तांबडा पट्टा? एक लोट थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत जो काळ गेला, त्यांत दगड झिजून झालेली ती माती आहे. त्या विसाव्यांत पाऊस पडला असेल, कांहीं उगवलें असेल. मग पुन्हां अग्नि आला.

आबा हें सारें काठावर बसून ऐकत होते. या पाषाणाशीं त्यांचा जन्मभराचा वाद. काळा लागला कीं पहार वाजते आणि पाणी मिळत नाहीं. मांजऱ्या लागला, भेग सांपडली, तर थोडा पाझर येतो. कर्ज काढून किती खोल जावें, हा हिशेब त्यांनीं आयुष्यभर अंदाजानें केला आणि अनेकदां चुकला. दगडाचा स्वभाव त्यांना हातांनीं ठाऊक होता. त्याचें कुळ मात्र आज कळलें. पडद्यावरच्या राक्षसापासून लिंबागणेशच्या माणसाला कांहींच धोका नाहीं. ज्या थरावर त्याची विहीर, त्याचें पीक आणि त्याचें कर्ज उभें आहे, तो न ओळखण्यांत मात्र खरा धोका आहे.

मालिकेंतील आठवा बोलपट येईल तेव्हां येईल. मुलानें शाळेच्या वहींत विहिरीचें चित्र काढलें आणि थरांस खालून वर आंकडे घातले. तांबड्या पट्ट्यापाशीं येऊन तो थांबला व म्हणाला, "आबा, हा किती वर्षांचा विसावा असेल?"

आबांनीं या वेळीं 'काय माहीत' म्हटलें नाहीं. ते म्हणाले, "दोर सोड खालीं. मोजून तर पाहूं."