वेष्टनाचे पुढे काय होते?

दुकानातून आणलेली वस्तू किती दिवस पुरेल याचा हिशेब प्रत्येक घरात असतो. पण ती ज्या वेष्टनातून आली, ते किती दिवस उरेल याचा हिशेब कोणी मांडीत नाही. वस्तू संपते, वेष्टन उरते. हे उरणे इतके वाढले की शेवटी कायदा करावा लागला. महाराष्ट्रात मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना निघाली आणि १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या कित्येक प्लॅस्टिक वस्तू देशभर बंद झाल्या. तेव्हापासून कारखानदार एक नवा मार्ग पुढे करीत आहेत. वापरून झाले की ज्याचे खत होईल, असे वेष्टन! ऐकायला फार गोड. पण ते कोणत्या अटीवर खरे, एवढेच आज पाहू.

कल्पना आपल्याला नवी नाही. पळसाची पत्रावळ काय किंवा केळीच्या पानातली फुलांची पुडी काय, दोन्ही याच जातीची. पंगत उठली की पत्रावळी उकिरड्यावर जात आणि त्यांचे खत होई. आता यात दोन गोष्टी होत्या, हे ध्यानात घ्या : कुजणारी वस्तू आणि कुजण्याची जागा. नव्या वेष्टनात पहिली गोष्ट कारखाना देतो. दुसरी कोणी द्यायची?

या वेष्टनांत पुष्कळदा वापरला जाणारा पदार्थ म्हणजे पॉलिलॅक्टिक आम्ल, थोडक्यात पी. एल. ए. मक्याचा स्टार्च किंवा उसाची साखर आंबवून लॅक्टिक आम्ल काढतात. दह्याला आंबटपणा येतो तो याच आम्लाने. त्याचे रेणू साखळीसारखे जोडले की प्लॅस्टिकसारखा पारदर्शक पदार्थ तयार होतो. ही साखळी तुटायला नुसती माती पुरत नाही. ऊब लागते, ओल लागते. आपल्या देशाने स्वीकारलेले आय. एस. ओ. १७०८८ हे मानक पाहा. त्याची कसोटी सुमारे ५८ अंश सेल्सियस उष्णतेच्या कंपोस्टमध्ये घेतात. १२ आठवड्यांनंतर २ मिलिमीटरच्या चाळणीवर १० टक्क्यांहून अधिक तुकडे राहता कामा नयेत, आणि १८० दिवसांच्या आत ९० टक्के कार्बनचा वायू झाला पाहिजे. एवढी ऊब मोठ्या खतप्रकल्पाच्या ढिगात सापडते. गॅलरीतल्या कुंडीत ती कुठून येणार? 'घरी कुजते' असा शिक्का असलेल्या मालाचीही गत फारशी बरी नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने ब्रिटनमधल्या नागरिकांच्या खतपेट्यांतून प्रयोग केला. २०२२ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला : अशा शिक्क्याच्या प्लॅस्टिकपैकी ६० टक्के पुरते कुजलेच नाही.

आता व्यापाऱ्याच्या बाजूने पाहू. २०१० साली अमेरिकेत फ्रिटो-ले कंपनीने आपल्या सनचिप्स या खाऊसाठी पी. एल. ए. ची पिशवी काढली. हेतू चांगला होता. पण पिशवी अशी कडक, की हात लागताच मोठा कडकडाट व्हावा! गिऱ्हाइके वैतागली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बहुतेक प्रकारांना पुन्हा जुनी पिशवी आली. २०११ मध्ये कंपनीने कमी आवाजाची नवी पिशवी काढली. धडा साधा आहे. वेष्टनाचे पहिले काम माल राखण्याचे आणि गिऱ्हाइकाला सोयीचे होण्याचे. पुडा कुजणारा निघाला, पण आतला चिवडा आठ दिवसांत सादळून फेकावा लागला, तर त्या चिवड्यामागचे पाणी, तेल आणि शेतकऱ्याचे कष्टही मातीतच गेले.

मग हा सारा खटाटोप व्यर्थ म्हणायचा का? तसेही नाही. इटलीने २०११ मध्ये दुकानांतल्या न कुजणाऱ्या पातळ पिशव्यांवर बंदी घातली. पुढच्या वर्षापासून मिलान शहरात घरोघरचे खरकटे कुजणाऱ्या पिशव्यांतून वेगळे गोळा होऊ लागले. बाजारातून आलेली पिशवी खरकट्यासकट खतप्रकल्पात जाऊ लागली. याउलट २०१९ साली अमेरिकेतल्या ऑरेगन राज्याच्या खत-उत्पादकांनी जाहीर सांगितले, की असली वेष्टने आम्हांला नकोत. त्यांबरोबर न कुजणारा मालही मिसळून येतो आणि खत बिघडते. पदार्थ एकच, एका ठिकाणी त्याला वाट होती, दुसरीकडे नव्हती.

यावरून एक ढोबळ नियम सांगता येईल. जी वस्तू खरकट्याबरोबरच टाकली जाते, ती कुजणारी असावी. जेवणाची थाळी, ओल्या कचऱ्याची पिशवी, चहाची पुडी ही तशी उदाहरणे. आपल्या साखर कारखान्यांत उसाच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के चोथा निघतो. त्याच्या थाळ्या होतात आणि त्यासाठी वेगळे शेत लागत नाही. मात्र तेल झिरपू नये म्हणून अशा थाळ्यांत काही ठिकाणी फ्लोरीनयुक्त रसायने घालतात, ती कुजत नाहीत, हे विचारून घ्यावे. उलट पाण्याची किंवा तेलाची बाटली कुजणारी करण्यात फायदा नाही. आजची पेट प्लॅस्टिकची बाटली भंगारवाला पैसे देऊन नेतो. तिच्यात पी. एल. ए. ची बाटली मिसळली तर सारा घाणा बिघडतो, कारण दोघांचा वितळबिंदू निराळा. आणि कचरा निवडणाऱ्या बाईने नुसत्या नजरेने ती ओळखायची कशी?

खरा धोका तिथेच आहे. चार पैसे जास्त मोजून गिऱ्हाईक समाधानाने घरी जाते. इकडे ते वेष्टन शहराबाहेरच्या कचऱ्याच्या डोंगरात गाडले जाते. तिथे हवा नाही. पी. एल. ए. तसेच पडून राहते, आणि पानाकागदाचे असले तर त्यातून मिथेन वायू निघतो. गिऱ्हाइकाचा एकदा विश्वास उडाला, की खऱ्या मालालाही कोणी विचारणार नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने पर्यावरणाच्या फसव्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. दाव्याला पुरावा हवा, असे त्यांत स्पष्ट आहे.

तेव्हा उत्पादकांनी वेष्टनावर साध्या मराठीत लिहावे : हे घरी कुजते की प्रकल्पात, आणि कोणत्या डब्यात टाकायचे. ज्या गावात प्रकल्प नाही तिथे हिरवे पान छापून माल खपवू नये. आणि आपण? पुडा हातात घेतल्यावर दुकानदाराला विचारावे, "हे कुजते खरे, पण कुठे?" उत्तर मिळाले नाही तर निदान कापडी पिशवी आणि घरचा डबा आपल्या हाताशी आहेच. ओला कचरा वेगळा ठेवण्याची सवय मात्र आजपासूनच लावावी. ती नसेल, तर कोणत्याच कारखान्याचे वेष्टन खताच्या खड्ड्यापर्यंत पोचणार नाही.