बामणोलीची एक रात्र



मला पाचच मिनिटं दिली आहेत. शाळेने काय काय दिलं ते बाकीचे सांगतीलच. मी सांगणार आहे ते गेल्या फेब्रुवारीतल्या सहलीबद्दल. आम्ही सहा जणी नवरे-मुलं घरी ठेवून बामणोलीला तंबूत राहून आलो.

पहाटे पाचला माझ्या रावेतच्या घरून निघालो. साताऱ्यात मिसळ खाल्ली आणि कासचं पठार ओलांडून बामणोलीत उतरलो. तिथे रस्ता संपतो आणि कोयना धरणाचं पाणी, म्हणजे शिवसागर, सुरू होतो. पलीकडे कोयना अभयारण्य आणि त्यात वासोटा किल्ला. या बाजूने जायचं तर लाँचशिवाय इलाज नाही, म्हणजे आपल्यासाठी ते बेटच. १९८५ साली अभयारण्य झालं, २०१० पासून चांदोलीच्या जोडीने ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. तिकडे मुक्काम करू देत नाहीत, संध्याकाळच्या आत परत फिरावं लागतं. म्हणून तंबू अलीकडच्या काठावर.

लाँचने दीड तास लागला. वनखात्याच्या चौकीवर आमच्या प्लास्टिकच्या बाटल्या मोजून घेतल्या, परतताना पुन्हा मोजल्या. मला फार बरं वाटलं. आमच्या ऑफिसात एवढा चोख हिशेब कोणी ठेवत नाही. चढण दाट रानातून आहे. एक शेकरू दिसलं, वाटेत गव्याचं शेण दिसलं. गुडघे कोणाचे किती दुखले ते इथे सांगायचं नाही असं ठरलंय.

खरी गोष्ट परतीची आहे. लाँचवाल्या काकांनी सहज विचारलं, कुठल्या तुम्ही? आमच्यातल्या एकीने एका गावाचं नाव घेतलं. आमच्यापैकी कोणीही ते कधी ऐकलं नव्हतं. काकांनी इंजिन बंद केलं.

"ताई, मग तुमी गावातच हाय. हितंच खाली."

आणखी दोन-तीन महिन्यांनी पाणी उतरलं की जोती उघडी पडतात, म्हणाले. त्यांचंही घर बुडालं होतं. "आमी वर सरकलो, तुमी लांब गेला." ती वाकून पाण्यात हात घालून बसली. बराच वेळ कोणी बोललं नाही.

ती आज इथे समोर बसली आहे. हे सांगायला तिची परवानगी घेतली आहे, नाव मात्र घ्यायचं नाही.

सातवीत 'माझे गाव' हा निबंध होता, आठवतंय? मी जुन्नरजवळच्या आमच्या गावावर चार पानं लिहिली होती. तिने पान कोरं ठेवलं आणि छडी खाल्ली. मधल्या सुट्टीत मी तिला 'बिनगावची' म्हटलं. ते नाव दहावीपर्यंत टिकलं. मे महिन्यात सगळे गावी जायचे तेव्हा ती चाळीतच असायची, ते आपल्याला माहीत होतं. का, ते कोणी विचारलं नाही. साठच्या दशकाच्या सुरुवातीला धरण भरत गेलं तसे तिचे आजोबा उठले. पुढे तिचे बाबा चिंचवडला कारखान्यात लागले. कोयनेची वीज महाराष्ट्रभरच्या कारखान्यांना गेली. माझे बाबाही कारखान्यातलेच. त्या विजेवर आमच्याही घरात पगार आला. मी इंजिनिअर झाले ती त्याच पगारावर. वीजनिर्मितीचे आकडे मी परीक्षेत पाठ करून लिहिले होते, गावांची नावं मात्र पुस्तकात नव्हती.

रात्री तंबूत मी तिला सगळं बोलले. निबंध, ते नाव, सगळं. तीस वर्षांनी माफी मागताना शब्द सापडत नाहीत हो. मी अडखळत बोलतच होते, तेवढ्यात तिने माझा हात घट्ट धरला. मला वाटलं, रडते आहे.

"माफीचं उद्या बघू," ती कुजबुजली, "आधी बॅटरी दे. बाहेर गवा आलाय."

सहा जणी श्वास रोखून बसलो. शेवटी तिनेच धीर करून चेन उघडली आणि उजेड टाकला.

तंबूवाल्यांची म्हैस होती.