ठराव आणि तलाव

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी झालेल्या कामाचे कौतुक व्हावे हे योग्यच आहे, आणि चिटणीसबाईंच्या अहवालाने ते झालेही. म्हणून मी थोडा निराळा विषय घेते. चांगल्या हेतूने चालणारी संस्था जेव्हा आपल्याच काही माणसांना दूर लोटते, तेव्हा त्यांचा गेलेला विश्वास तिला परत कसा मिळतो? उदाहरण दूरचे, अमेरिकेतले आहे. परंतु ते बायकांनीच चालवलेल्या संस्थेचे आहे, म्हणून आपल्या उपयोगाचे आहे.

'यंग विमेन्स ख्रिश्चन असोसिएशन' हे नाव पुष्कळजणींच्या कानांवरून गेले असेल. मुंबईतही तिची वसतिगृहे आहेत. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी शहरात येणाऱ्या तरुण मुलींना सुरक्षित निवारा, शिकवणीचे वर्ग, खेळ आणि सोबत मिळावी, हे तिचे काम. अमेरिकेत या संस्थेचा पसारा मोठा. पण तेथे गोऱ्या मुलींची शाखा वेगळी आणि कृष्णवर्णीय मुलींची वेगळी. ओहायो राज्यातील डेटन शहरात १८८९ साली कृष्णवर्णीय स्त्रियांची पहिली शाखा निघाली. पुढे अनेक शहरांत अशा शाखा झाल्या. त्या तेथील बायकांनी कष्टाने उभ्या केल्या. देखरेख मात्र गोऱ्या बायकांच्या मध्यवर्ती शाखेची. नाव एक, प्रार्थना एक, ओसरी तेवढी वेगळी!

पिट्सबर्गजवळच्या रँकिन गावात डोरोथी हाइट नावाची मुलगी वाढत होती. तिचा जन्म १९१२ सालचा. संस्थेच्या शाळकरी मुलींच्या मंडळात ती हौसेने काम करी. पिट्सबर्गच्या मुख्य इमारतीत पोहण्याचा तलाव होता. तेथे गेल्यावर तिला उत्तर मिळाले, की कृष्णवर्णीय मुलींना या तलावात उतरता येणार नाही. तिने दाद मागितली; नियम हलला नाही. पाण्यावरची बंदी मनाला किती लागते, हे ज्या मुलखात १९२७ साली महाडचा सत्याग्रह झाला, त्या मुलखातील बायकांना मी काय सांगावे?

ही मुलगी संस्थेला कायमची पाठमोरी झाली असती तर कोणी तिला दोष दिला नसता. पण १९३७ साली ती न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात याच संस्थेत नोकरीला लागली आणि १९४४ साली राष्ट्रीय कचेरीत गेली. याच डोरोथीबाई १९५२ साली दिल्लीच्या समाजकार्य विद्यालयात काही महिने शिकवण्यासाठी आल्या होत्या.

आता संस्थेने काय केले ते पाहू. तिने प्रथम स्वतःची झाडाझडती घेतली. ज्यूलिएट बेल आणि हेलन विल्किन्स या दोघींनी गावोगावच्या शाखांत वर्णभेद कसा पाळला जातो याची पाहणी केली, आणि तो अहवाल १९४४ साली छापून प्रसिद्ध झाला. घरातली गोष्ट चारचौघांत मांडायला धैर्य लागते. त्यानंतर १९४६ च्या अधिवेशनात ठराव झाला, की संस्थेच्या सर्व कारभारात सर्व वर्णांच्या स्त्रियांना सामावून घ्यावे.

ठराव झाला, पण तलावाचे काय? प्रत्येक गावची शाखा आपल्या कारभारात स्वतंत्र होती. वरून ठराव आला तरी खालचे दार लगेच उघडेना. अटलांटा शहरातील शाखेची खानावळ कृष्णवर्णीयांसाठी उघडली ती १९६० साली, म्हणजे ठरावानंतर चौदा वर्षांनी. त्या शहरात सर्व वर्णांची माणसे जेथे एकत्र जेवू शकली अशी ती पहिली सार्वजनिक जागा.

दार उघडले तरी कारभार कोणाच्या हाती, हा प्रश्न उरतोच. अहवाल लिहिणाऱ्या हेलनबाई स्वतः कृष्णवर्णीय. १९४९ साली मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्सच्या शाखेने त्यांना अध्यक्ष निवडले, तेव्हा कार्यकारी मंडळातल्या काहीजणी राजीनामे देऊन निघून गेल्या. शाखेने ते सोसले. न्याय करायचा तर कोणी रुसणार, हे धरूनच चालावे लागते.

दुसरीही एक बाजू आहे. एकत्र यायचे म्हणून काही ठिकाणी कृष्णवर्णीय बायकांच्या शाखा बंद झाल्या. जी वास्तू त्यांनी उभारली तीच गेली, आणि नव्या घरात त्या पाहुण्या ठरल्या. म्हणजे 'या, बसा' म्हटले की विश्वास बसतो असे नाही. यजमानीण कोण, हे माणूस आधी पाहते.

१९६५ साली संस्थेने वर्णन्यायासाठी स्वतंत्र विभाग काढला आणि तो डोरोथीबाईंच्या हाती दिला. १९६७ साली हेलनबाई साऱ्या देशाच्या संस्थेच्या पहिल्या कृष्णवर्णीय अध्यक्ष झाल्या. १९७० च्या अधिवेशनापूर्वी कृष्णवर्णीय सभासद स्वतंत्रपणे जमल्या, आणि अधिवेशनाने वर्णद्वेषाचे उच्चाटन हे सर्व शक्ती लावून करण्याचे एकमेव कर्तव्य म्हणून स्वीकारले. डेटनच्या पहिल्या शाखेपासून मोजले तर एक्याऐंशी वर्षे झाली होती!

भगिनींनो, विश्वास परत आला असेल तर तो चार गोष्टींनी आला: खरे छापले, नियम बदलला, खुर्ची दिली, आणि रुसवा सोसला. यांतली एकही नुसत्या दिलगिरीने होण्यासारखी नव्हती.

म्हणून मंडळापुढे एक साधी सूचना ठेवते. आपल्या सभासदांची यादी एका हातात घ्यावी आणि आपली वस्ती डोळ्यांपुढे आणावी. हळदीकुंकवाचे बोलावणे कोणत्या घरापर्यंत जाते आणि कोणत्या घराच्या अलीकडून परत फिरते? विधवा बहिणीला ते जाते का? आपल्याकडे भांडी घासायला येणारी बाई सहलीला येते का, आणि आली तर डबा कोणाशेजारी उघडते? कार्यकारी मंडळात कोणकोणत्या गल्लीतल्या बायका आहेत? ही पाहणी दोघीतिघींनी मिळून करावी, आणि जे आढळेल ते पुढल्या वर्षीच्या अहवालात जमाखर्चाशेजारी, न लपवता छापावे. ते वाचून कोणाला वाईट वाटले तर वाटू द्यावे.